बाबांचा भावफलक

मी सरकारी पगारावर भाज्यांचे भाव विचारते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खरंच का, म्हणून विचारतात. खरंच. केंद्र सरकारच्या ज्या कार्यालयात मी नोकरी करते, तिथे किरकोळ बाजारातल्या किमती गोळा होतात. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या विक्रेत्यांकडे जायचं, कांदा-बटाट्यापासून पालकापर्यंत सगळ्याचा भाव विचारायचा आणि टॅब्लेटमध्ये भरायचा. ते आकडे पुढे देशभरातल्या आकड्यांत मिसळतात आणि कुणीतरी टाय लावून टीव्हीवर सांगतं, महागाई वाढली किंवा कमी झाली. त्या बातमीत माझी गाझियाबादची भेंडी कुठेतरी असतेच.

माझ्या वाट्याच्या बाजारांपैकी एक आमच्या सोसायटीच्या मागच्याच रस्त्यावर भरतो. दोन्ही बाजूंनी ठेले, मध्ये स्कूटर, ई-रिक्षा आणि एखादी गाय. सुरुवातीला तिथे माझी फार फजिती झाली. माणूस "बीस, बीस, बीस" ओरडायचा, मी वीस रुपये किलो भरायला जायची आणि शेजारची बाई पैसे देताना कळायचं की वीस रुपये पावकिलोचे आहेत. स्वस्ताई असली की ठेलेवाले किलोचा भाव ओरडतात, महागाई आली की पावाचा. तसंच कोथिंबिरीचं. दिल्लीकडे भाजी घेतली की मूठभर धनिया आणि चार मिरच्या फुकट पिशवीत पडतात. भाव चढले की तो हात आखडतो. आमच्या फॉर्ममध्ये फुकटच्या कोथिंबिरीला रकाना नाही, पण मी मात्र तिच्यावर नजर ठेवून असते.

त्या रांगेत मधोमध एका बाईंचा ठेला होता. बुलंदशहरकडच्या, चाळिशीच्या, आवाज असा की पलीकडच्या टोकाचं गिऱ्हाईक वळून पाहील. मी दोनतीनदा नुसता भाव विचारून गेल्यावर त्यांनी मला अडवलं.

"मैडम, आप हर बार पूछती हो, लेती कभी नहीं. घर में खाना बनता है कि नहीं?"

मी ओळखपत्र दाखवलं, काम समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मतलब सरकार को भिंडी का भाव मालूम ही नहीं?"

तेव्हापासून आमची गट्टी जमली. सुट्टीच्या दिवशी मी भाजी त्यांच्याकडूनच घ्यायला लागले.

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात मी बाबांना गाझियाबादला घेऊन आले. बाबा चिपळूणजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात हिंदीचे शिक्षक होते. आईशिवाय घरात एकटे राहतात हे मला बघवत नव्हतं. ते आले, पण आल्यासारखे वाटेनात. सातव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत कानटोपी घालून खुर्चीवर बसून राहायचे. धुकं असलं तरी तिकडेच बघायचे. जेवायला बोलावलं की येत, "पुरे" म्हणत, परत खुर्चीत. नवरा गुरुग्रामला नोकरीला, सकाळी जाऊन दिवस मावळल्यावर येणारा. मुलगी दहा वर्षांची. तिने एकदा मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "मम्मा, आजोबा नाराज आहेत का आपल्यावर?"

"नाही गं. त्यांना आजीची आठवण येते."

"मग ते बोलत का नाहीत तिच्याबद्दल?"

मी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि तिला बाल्कनीत आजोबांकडे पाठवलं.

जानेवारीत एके दिवशी बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं. माझा बाजाराचा दिवस होता. मी बाबांना म्हटलं, "चला ना माझ्याबरोबर. जरा उन्हात चालणं होईल."

"मी काय करू बाजारात?"

"काही नका करू. नुसते उभे राहा."

हे मी चेष्टेने म्हटलं नव्हतं. बाबांनी आयुष्यात कधी भाजी आणली नव्हती. आमच्याकडे परसात वांगी, पडवळ, दोडके पिकायचे आणि उरलेलं सगळं आई बघायची. आठवडी बाजाराला पिशवी घेऊन तीच जायची. बाबा पगार तिच्या हातात द्यायचे आणि ताटात येईल ते जेवायचे. बाजारात गेल्यावर ते खरंच नुसते उभे राहिले, हात मागे बांधून, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखे. मी बुलंदशहरवाल्या बाईंकडे फुलकोबी आणि मटारचे भाव भरत होते. तेवढ्यात बाबांनी समोरच्या ढिगातून एक जांभळा-पांढरा गोळा उचलला आणि त्यांना विचारलं,

"भगिनी, इस फल का नाम क्या है?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"फल नहीं है बाबूजी, सब्ज़ी है. शलजम."

"अच्छा. और इसका मूल्य क्या है?"

बाईंनी हातातलं वजन खाली ठेवलं आणि शेजारच्या ठेलेवाल्याला हाक मारली. "अरे सुनो! बाबूजी मूल्य पूछ रहे हैं! मूल्य!"

अख्खी रांग हसायला लागली. बाबा शाळेत कुणी हसलेलं खपवून घेत नसत, आणि हल्ली तर ते काचेसारखे झाले होते. मी काहीतरी सावरून घेणार, इतक्यात बघते तर बाबाच हसत होते. खांदे हलवून, डोळे मिटून. आई गेल्यानंतर मी त्यांना असं पहिल्यांदा पाहत होते.

"मैं हिंदी का अध्यापक था," ते म्हणाले. "जीवन भर यही हिंदी पढ़ाई है."

"तो मास्टरजी, ये भगिनी क्या होता है?"

"बहन."

"तो बहन बोलो ना! मैं समझी, किसी और को बुला रहे हो."

बाबांनी त्या दिवशी स्वतःच्या खिशातून पैसे काढून शलजम विकत घेतला. घरी आल्यावर आमच्यापैकी कुणालाच तो करता येत नव्हता. मी दाण्याचं कूट घालून भाजी केली. मुलीने एक घास खाऊन ताट सरकवलं, मीही कशीबशी संपवली. बाबांनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाले, "वाईट नाही." ती वाईटच होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाल्कनीतली खुर्ची रिकामी. बाबा पिशवी घेऊन बाजारात गेले होते. मग रोजच जायला लागले. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. सुरुवातीला एका ठेल्यावर, मग सगळ्या रांगेत. जेवताना आता आम्हाला बातम्या मिळायच्या. "आज मटार उतरला." "त्या कोपऱ्यावरचा गाजर लाल देतो, पण मध्ये दांडा निघतो." "बटाट्याला काही धाड भरलेली नाही, तिथल्या तिथेच आहे." बाबांचा आवाज परत वर्गात असायचा तसा झाला होता.

मला एकच काळजी वाटली. मी त्यांना सांगून ठेवलं, "बाबा, माझ्या कामातले आकडे कुणाशी बोलायचे नाहीत हं. ते गोपनीय असतात."

"तुझे आकडे कोण मागतंय?" ते म्हणाले. "मी माझे वेगळे विचारतो. ते माझे आहेत."

आमच्या सोसायटीच्या तळघरात, जनरेटरच्या खोलीबाहेर, जुना काळा फळा पडला होता. पूर्वी कधीतरी तळमजल्यावर बालवाडी चालायची, तिचा. बाबांची नजर त्याच्यावर कधी पडली माहीत नाही. एका रविवारी ते सेक्रेटरींकडे जाऊन आले, वॉचमनच्या मदतीने फळा वर आणला, स्वतः पुसला आणि गेटजवळ केबिनच्या भिंतीला टांगला. मी दूध आणायला खाली उतरले तेव्हा त्यांचं लिहून होत आलं होतं. वर मोठ्या अक्षरात 'आज का भाव'. खाली टमाटर, आलू, प्याज, गोभी, मटर, पालक. शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ. प्रत्येक भावापुढे एक छोटा बाण, कालच्यापेक्षा चढला असेल तर वर, उतरला तर खाली.

सकाळी फिरून येणारी माणसं थांबायला लागली. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त बँक मॅनेजर तर हातात चहाचा कप घेऊनच उभे राहायचे. "मास्टरजी, गोभी का तीर तीन दिन से नीचे है. आज पराँठे बनवा दूँ?" आतापर्यंत लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारे लोक फळ्यापाशी भाज्यांवरून बोलायला लागले. माझ्या मुलीलाही आता फळ्यावरचं हिंदी नाव वाचून आजोबांना मराठी नाव विचारायचा छंद लागला. "आजोबा, तोरी म्हणजे?" "दोडका." "आणि लौकी?" "दुधी भोपळा." ती ते दिवसभर घोकत हिंडायची.

आणि मग एके संध्याकाळी मी ऑफिसातून येते तर गेटवर गर्दी.

बुलंदशहरवाल्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरचा ठेलेवाला आणि आणखी एकदोन जण. वॉचमन केबिनमध्ये शिरून बसला होता. बाबांना कुणीतरी निरोप दिला असावा, ते नुकतेच खाली येऊन स्वेटरची बटणं लावत होते.

"मास्टरजी," बाईंनी फळ्याकडे बोट केलं, "आपने मटर पच्चीस लिख दी. सुबह से जो आ रही है, पच्चीस-पच्चीस कर रही है. मेरी मटर का दाना देखा है आपने?"

"देखा है," बाबा म्हणाले. "परंतु यह मूल्य कोने वाले भाई साहब का है."

"उसकी मटर में आधा तो छिलका है!"

"किसकी मटर में?" कोपऱ्यावरचा त्यांच्या शेजारीच उभा होता. "मेरी मटर सीधे खेत से आती है!"

"खेत से आती है तो दाना रास्ते में गिरा आता है क्या?"

दोघंही एकदम बोलायला लागली. मागचे त्यात सामील झाले. सोसायटीतल्या दोन बाया भाजीच्या बाजूने आणि एक भावाच्या बाजूने उतरली. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "शांत!"

तो आवाज मी शाळेत ऐकला होता. सगळे गप्प झाले. वॉचमन केबिनमधून उठून उभा राहिला.

बाबांनी खिशातून खडू काढला आणि बाईंसमोर धरला. "मटर आपकी है. आप लिखिए."

"मैं?"

"और कौन?"

बाईंनी ओढणीला हात पुसले, खडू घेतला आणि जरा जोर देऊन लिहिलं: 'मटर मीठी ३०'. मागे होऊन स्वतःच वाचलं. कोपऱ्यावरच्याने त्यांच्या हातातून खडू घेतला आणि खाली लिहिलं: 'मटर बहुत मीठी २५'. बाईंनी पुढे होऊन ओढणीच्या टोकाने त्याचा 'बहुत' पुसून टाकला. त्याने परत लिहिला. त्यांनी परत पुसला. एव्हाना सगळे हसत होते, ती दोघंसुद्धा.

बाबांनी खडू ताब्यात घेतला आणि नियम जाहीर केला. ज्याला हवं त्याने येऊन आपला भाव लिहावा, पण नाव आणि आकडा, एवढंच. "विशेषण नहीं चलेगा. केवल संज्ञा और संख्या."

"ये विशेषण क्या है?" कोपऱ्यावरच्याने विचारलं.

"मीठी, ताज़ी, बढ़िया, बहुत. यह सब."

"मास्टरजी, फिर बिकेगा क्या?" बाई म्हणाल्या.

पण नियम टिकला. सकाळी ठेला लावायच्या आधी कुणी ना कुणी येऊन फळ्यावर लिहून जायचं आणि बाबा मागून शुद्धलेखन तपासायचे.

पावसाळ्यात टोमॅटो चढायला लागला. दर वर्षी थोडा चढतोच, तेव्हा आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग तो थांबेचना. मी भाव भरायला गेले की टॅब्लेट परत परत विचारायचा, हा आकडा बरोबर आहे ना? शंभरी ओलांडून गेला तेव्हा बुलंदशहरवाल्या बाईंनी टोमॅटो ठेल्याच्या मागच्या बाजूला ओल्या गोणपाटाखाली ठेवायला सुरुवात केली. मागेल त्यालाच दाखवायच्या, लोक नगावर घ्यायचे. फुकटची कोथिंबीर कधीच बंद झाली होती. टीव्हीवर रोज टोमॅटो. बँक मॅनेजर चहाचा कप घेऊन फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मास्टरजी, पहले अख़बार पढ़के बीपी बढ़ता था, अब आपका बोर्ड पढ़के बढ़ता है."

ते हसत म्हणाले, पण बाबांना लागलं. त्या दिवशी जेवताना ते फारसं बोलले नाहीत. मला धास्ती वाटली की परत ती खुर्ची आणि कानटोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर सगळे भाव होते आणि टोमॅटोपुढे आकड्याऐवजी लिहिलं होतं: 'टमाटर आज अवकाश पर है'.

फळ्यापाशी जो हशा पिकला तो मला वर ऐकू आला. मी खाली उतरले. आमच्याच मजल्यावरच्या एक पंजाबी काकू बाबांना विचारत होत्या, "वो तो ठीक है मास्टरजी, पर टमाटर छुट्टी पे है तो दाल में खटास कहाँ से आएगी? राजमा कैसे बनेगा?"

"हमारे यहाँ तो आमटी में टमाटर नहीं डालते," बाबा म्हणाले. "कोकम डालते हैं. आमसूल."

"वो क्या होता है?"

बाबा वर आले आणि मला म्हणाले, "आमसुलांची बरणी कुठे आहे?"

त्या बरणीत आईने वाळवलेली शेवटची आमसुलं होती. परसातल्या रातांब्यांची, तिने स्वतः फोडून, मीठ लावून, रस पाजून उन्हात घातलेली. तिच्या मागे मी ती इकडे घेऊन आले होते आणि फडताळात सगळ्यात वर ठेवली होती. आमटीला मी चिंच वापरत होते. बरणी उघडली तर संपायला लागेल, म्हणून उघडली नव्हती.

"बाबा, ती आईची आहेत."

"म्हणूनच मागतोय."

"संपतील ना."

बाबा स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच बरणी खाली काढली. "अगं, खाण्यासाठीच वाळवली होती तिने," ते म्हणाले. मग झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि बरणी माझ्यासमोर धरली. आमच्या ओटीवर मे महिन्यात यायचा तो आंबट वास. माझे डोळे भरून आले आणि बाबांनी ते बघितलं, पण बरणी काही परत ठेवली नाही.

पंजाबी काकूंनी आमसूल हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. वाळलेलं चामडं दिसल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला. बाकीच्यांनाही ते कसं वापरायचं कळेना. तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की येत्या रविवारी ते स्वतः आमटी करून खाऊ घालतील. मी तिथेच होते. बाबांना चहाचं आधणही ठेवता येत नव्हतं.

तो आठवडा आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी चालली. मी पोळ्या करत उभी, बाबा शेजारच्या शेगडीपाशी. ते प्रत्येक पायरी पुन्हा म्हणायचे, वर्गात उजळणी घेतात तशी. "आधी तेल. मग मोहरी. तडतडली की हिंग." पहिल्या दिवशी मोहरी जळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमसुलं इतकी घातली की मुलीने एक डोळा मिटून घेतला आणि तो बराच वेळ उघडलाच नाही. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आजीने पहिल्यांदा केली तेव्हा अशीच झाली होती. लग्न नवं होतं. मी सगळी प्यायलो आणि रात्रभर पाणी पीत बसलो."

मुलगी दोन्ही डोळे उघडून बघायला लागली. "मग आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, आंबट झाली होती तर सांगायचं ना. मी म्हटलं, विचारलंस कुठे?"

मी पोळी तव्यावरच विसरले. ती करपली. आईबद्दल बाबा एवढं पहिल्यांदाच बोलत होते, आणि हसत बोलत होते. मुलगी एकामागून एक विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. आमटी बाजूलाच राहिली.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही मोठं पातेलं घेऊन गेलो. वाटलं होतं, आमची आमटी आणि भात एवढंच असेल. पण प्रत्येक घरातून काही ना काही आलं होतं. कुणी कढी, कुणी अनारदाना घातलेले छोले, कुणी अमचूर घातलेली भेंडी. पाचव्या मजल्यावरचं तमिळ कुटुंब चिंचेचा भात घेऊन आलं. पंजाबी काकूंनी दह्यातला राजमा करून पाहिला होता आणि त्या प्रत्येकाला आधी तोच चाखायला लावत होत्या. बँक मॅनेजरांनी दारात उभं राहून प्रत्येक डबा उघडून तपासला, टोमॅटो सापडला तर दंड, म्हणून. बुलंदशहरवाल्या बाई ठेला भाच्यावर सोपवून ठेवणीतली साडी नेसून आल्या, बरोबर ओवा घातलेली अरबी, म्हणजे अळकुड्यांची भाजी. कोपऱ्यावरचा आला तो काकडी-मुळ्याची टोपली घेऊन. तीही त्याने पैसे न घेता दिली आणि वर बाईंकडे बघून घेतलं.

बाबा पातेल्यापाशी उभे राहून स्वतः वाढत होते. बाईंनी वाटी तोंडाला लावली आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मास्टरजी," त्या म्हणाल्या, "खट्टी है. मीठी भी है. बहुत बढ़िया है. अब विशेषण बोल सकती हूँ ना?"

"आज सब चलेगा," बाबा म्हणाले आणि त्यांनी बाईंची वाटी परत भरली.

भांडी घासून, हॉल झाडून आम्ही वर आलो तेव्हा ऊन कललं होतं. पातेलं रिकामं, बरणीतही तळाला चारपाचच आमसुलं उरली होती. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मी त्या चारपाचांचं संध्याकाळी सार केलं आणि बरणी धुऊन उन्हात पालथी घातली.

टोमॅटो पुढे उतरला, जसा चढला होता तसाच, कुणाला न विचारता. माझ्या टॅब्लेटने शंका घेणं थांबवलं. नवरात्राच्या आसपास पिशवीत पुन्हा कोथिंबीर पडायला लागली. फळ्यापुढची गर्दी थोडी कमी झाली, पण ओळखी झाल्या त्या राहिल्या.

दिवाळीनंतर बाबा गावी जायला निघाले. घर बंद होतं, कौलं बघायची होती, बँकेची कामं होती. किती दिवस राहणार, असं विचारलं तर म्हणाले, "बघू." तो शब्द मला आवडला नाही. निझामुद्दीनला गाडीत बसवून परत येताना मला वाटलं, आता ते तिकडेच राहतील. त्यांचं घर ते. माणसाने आपल्या घरी राहावं हे मला पटत होतं आणि तरी टॅक्सीत बसल्यावर मुलगी आणि मी दोघीही मागे वळून स्टेशनकडेच बघत होतो.

फळा बँक मॅनेजरांनी चालवायला घेतला. त्यांचं अक्षर डॉक्टरसारखं आणि ऱ्हस्व-दीर्घाशी वैर. रोज सकाळी ते फळ्याचा फोटो बाबांना पाठवायचे आणि थोड्या वेळात चिपळूणहून फोन यायचा. "भाई साहब, मूली में दीर्घ ऊ है." "गाजर में ज है, झ नहीं." मॅनेजरसाहेब केबिनच्या खिडकीत फोन ठेवून, स्पीकर चालू करून दुरुस्त्या करायचे. सकाळी कामाला निघालेले लोक थांबून ऐकायचे. वॉचमन म्हणायचा, मास्टरजी जाकर भी गए नहीं.

महिना उलटून गेला. मी विचारायचं टाळत होते. एके दिवशी बाबांचाच फोन आला, मला, भर दुपारी, मी बाजारात असताना.

"तिकीट काढलंय," ते म्हणाले. "थंडीचे कपडे काढून ठेव."

मी इतक्या मोठ्याने "खरंच?" म्हणाले की बुलंदशहरवाल्या बाईंनी वजन करता करता मान वर केली.

"मास्टरजी?"

मी मान हलवली. त्यांनी रांगेच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

गाडी तीन तास उशिरा आली. दिल्लीच्या थंडीत हे नेहमीचंच. मी, मुलगी आणि बँक मॅनेजर फलाटावर चहा पीत उभे होतो. बाबा उतरले ते दोन ट्रंका, एक वळकटी आणि एक गोणपाटाचं गाठोडं घेऊन. चार दिवस पाहुणा म्हणून येणाऱ्या माणसाचं ते सामान नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी पुढे होऊन एक ट्रंक उचलायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, आणि दोघंही एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसले.

टॅक्सीत बसल्यावर मी विचारलं, "बाबा, घराचं काय केलंत?"

"शाळेत नव्या बाई आल्यात," ते म्हणाले. "गणित शिकवतात. नवरा तालुक्याला नोकरीला. भाड्याने जागा शोधत होत्या, म्हटलं, आमच्या घरी राहा. मूल आहे त्यांना, आठ-नऊ महिन्यांचं. अगं, काय रांगतं ते! ओटीवरून थेट परसात. त्याच्या मागे धावता धावता माझा दम निघाला. आता तिथे दिवसभर आवाज आहे."

मुलीने विचारलं, "आजोबा, परस म्हणजे?"

"घराची मागची बाजू. मे महिन्यात नेईन तुला, दाखवीन. त्या बाई म्हणाल्यात, केव्हाही या."

"मी त्या बेबीला उचलू शकते?"

"धरता आलं तर उचल," बाबा म्हणाले. टॅक्सी यमुनेच्या पुलावर लागली होती. त्यांनी मफलर कानावरून घट्ट ओढला, नातीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि गाझियाबाद येईपर्यंत गाढ झोपले.